मायची उलटी गाठ

कुणी काही म्हणो, हे माझ्याबरोबर घडलं आहे. कुरुंद्याच्या आमच्या घरात आणि हिंगोलीच्या त्या गारठलेल्या खोलीत, मागच्या पौषात. लेकरू झोपलंय तोवर लिहून घेते.

माझी आई लहानपणीच गेली, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंना, मंजुळाबाईंना, मी मायच म्हणायचे.

रोज दिवेलागणीला माय शेपा-ओव्याच्या धुरीवर एक फडकं शेकायच्या. माझ्या कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारायच्या. उलटी गाठ, करकचून. दुसऱ्या कुणाला ती जमायचीच नाही.

"वारं शिरलं की जबडा धरतो, बाई."

माझी गुंजन महिन्याचीही नव्हती, तेव्हा माय बसल्या जागी गेल्या.

मेलेल्याचं तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटी बांधतात. शेजारच्या रूपाबाईंनी घाईत पाळण्याच्या दोरीवरचं फडकं ओढलं.

ते माझं होतं.

कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मायबरोबर ते जळून गेलं...

दुसऱ्या सकाळी माझा जबडा धरला.

करंगळी जाईल एवढंच तोंड उघडायचं. नुसती पेज चोखायची. दूध आटत चाललं. गुंजन कोरडीच ओढायची आणि रडायची. तिला अंगाईही म्हणता येईना.

आमचे हे, सोमेश्वर, म्हणाले, चला, भांडण तरी बंद झालं. हसले... आणि मग त्यांनाच रडू आलं.

डॉक्टर म्हणाले, जबड्याच्या सांध्यात छोटी गादी असते, ती पुढं सरकून अडकली असेल. एमआरआय करू. एकदा तोंड मिटून, एकदा उघडून. नाहीच सुटली तर ऑपरेशन.

मशीनवरच्या धर्मसिंगभाऊंनी मंगळसूत्र, पिना, डोक्याचा रुमाल, सगळं काढायला लावलं.

आत सरकले. ठक ठक ठक... मग घरघर. मिटल्या तोंडाचे फोटो झाले.

मशीन थांबलं. हेडफोनमधून धर्मसिंगभाऊ म्हणाले, आता उघडा.

उघडेना. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं.

आणि वास आला...

शेपा-ओव्याच्या धुराचा.

हनुवटीखाली दोन गार बोटं फिरली. गाठ चाचपल्यासारखी.

"दम धर, बाई. सोडून राहिले ना."

कट्...

तोंड उघडलं. पूर्ण.

बाहेर आले तर धर्मसिंगभाऊ स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून बघत होते.

"ताई, गळ्याखाली काही बांधलेलं होतं का? पहिल्या फोटोत कातडी दबलेली दिसून राहिली. दुसऱ्यात न्हाई."

"तुमीच तर समदं काढायला लावलं, भाऊ."

डॉक्टर म्हणाले, उघडायच्या जोरात गादी जागेवर बसली असेल.

असेल.

त्या संध्याकाळी मी भाकरी खाल्ली. कितीतरी दिवसांनी गुंजन पोटभर प्याली आणि झोपली. देवापाशी दिवा लावून पाळण्याशी आले...

तिच्या टोपड्याचे बंद हनुवटीखाली बांधलेले.

उलटी गाठ.

घरात आम्ही दोघंच. ह्यांना तर पिशवीची गाठ मारता येत नाही.

मी ती रोज सोडते. दिवेलागणीनंतर ती परत असते. मायचा जीव आहे नातीवर, मला ठाऊक आहे. रागावताही येत नाही. पाळण्याशी वाकून हळूच म्हणते, माय, एवढी करकचून नको.

काल गुंजननं जांभई दिली. एवढंसं तोंड उघडलं, आणि तिच्या कानापाशी तोच आवाज...

कट्.