शिंग वाजेपर्यंत

दार लोटून घे, गाश्पेर. कुत्री आत आली, माणसं आत आली, आता थंडीला कशाला आवतण देतोस?

तुमचं चालू द्या. मघापासून ऐकतोय मी. तिलेनने अंधारात दिसणारी दुर्बीण घेतली साडेतीन हजार युरोंची, आणि बायकोला सांगितलं तीनशेची. गाश्पेर म्हणतो, बायको फसेल, पण सासू बँकेत आहे तिचं काय करशील? हसा, हसा. बंदूक कितीला पडली हे घरी खरं सांगणारा शिकारी मी तरी अजून पाहिला नाही. डिझेल केवढ्याला झालं, डुकराचं मांस हॉटेलवाले किलोला काय भावाने मागतात, मक्याची नासाडी झाली म्हणून शेतकऱ्यांनी आपल्या शिकारी मंडळाकडून किती उकळले... मांसाचा गुलाश खाता खाता आमच्याही याच गप्पा असायच्या. दिवसभर तोंड मिटून एका जागी उभं राहिलेल्या माणसाला काहीतरी बोलायला लागतंच.

पण गाश्पेर, मघाशी तू जे विचारलंस ना, ते मला लागलं. म्हणालास, ‘चौदा जण गेलो, चौदा परत आलो. शिकार संपल्याचा सगळ्यांना फोनवर निरोप गेला. मग सिरिल म्हातारा अंधारात एकटा वर जाऊन शिंग कोणासाठी फुंकतोय?’ आणि सगळे खिदळलात.

सिरिल खाली यायला अजून अर्धा तास आहे. त्याच्यासमोर हे मी बोलणार नाही. माझ्या वाडग्यात थोडा रस्सा वाढ, आणि बस इथे.

गोष्ट त्याचीच आहे. त्याने मला एकदाच सांगितली. शेवटचं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगायची हिंमत करतोय.

डिसेंबरची चौदा तारीख, दोन हजार एकोणीस. शनिवार. रानडुकरांचा हाका चारला संपला, दोन डुकरं पडली, मंडळी जेवून घरोघर गेली. एक बिस्त्रा तेवढी परत आली नव्हती. सिरिलची कुत्री, काळी, छातीवर तांबूस. कुत्रं रानात चुकलं तर आपण काय करतो? जिथून सोडलं तिथे अंगातला कोट टाकून येतो. वासावर परत येतं आणि कोटावर बसून राहतं. सिरिलनेही जंगलाच्या रस्त्याकडेला कोट टाकला होता. रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी तो इथून निघाला. मी त्या मोरीत पेले विसळत होतो.

‘कुत्री घेऊन येतो. तोवर पत्ते पिसून ठेव,’ म्हणाला. ‘आणि पिसताना एक्के बाहीत घालू नकोस.’

इतकं साधं काम.

आता बिस्त्रा मुळात सिरिलची नव्हे, इझिदोरची. तुम्ही इझिदोरला पाहिलेलं नाही. तो आणि सिरिल शाळेत एका बाकावर बसायचे, आणि साठी उलटली तरी त्याच बाकावर बसल्यासारखे भांडायचे. इझिदोर महाचिक्कू. बंदूक बापाच्या वेळची माउझर, तिचा पट्टा तुटला तर तारेने बांधलेला. काडतूस तीन युरोंना झालं त्या दिवसापासून हा मोजून पाच घेऊन यायचा. एकदा कोणीतरी त्याच्याकडून एक उसनं घेतलं आणि परत केलं नाही. त्यानंतर प्रत्येक काडतुसाला कडेने हिरवा रंग. घराच्या फाटकाला लावून उरलेला.

सिरिल म्हणायचा, ‘अरे, पाच काडतुसांत काय मारणार तू?’

‘पाच डुकरं. तुझ्यासारखे पंधरा बार काढून झाडं मारत नाही मी.’

‘निदान पट्टा तरी नवा घे. तार तुटली तर बंदूक पायावर पडेल.’

‘पडू दे. पाय फुकटचे आहेत.’

असा माणूस. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. फोनसुद्धा घेतला नाही. ‘महिन्याला बारा युरो? आणि बोलू कोणाशी, डुकरांशी?’

अठरा सालच्या नोव्हेंबरात त्याच्याकडून एक चूक झाली. पाय गारठले म्हणून शिंग वाजायच्या आधीच त्याने जागा सोडली आणि चालत खाली आला. पलीकडून तिलेनचा बाप डुकरावर नेम धरून उभा होता. चाप ओढायच्या बेतात होता, आणि दुर्बिणीत इझिदोरची टोपी आली. बोट तिथेच थांबलं म्हणून वाचला. त्या संध्याकाळी इथेच, या टेबलापाशी, सिरिलने सगळ्यांदेखत त्याला पन्नास युरो दंड लावला.

‘पन्नास?’ इझिदोर ओरडला. ‘पन्नासात नवा पट्टा येतो रे!’

आम्ही हसलो. सिरिल हसला नाही. हाक्याचा म्होरक्या तो, भीतीने अजून पांढराफटक होता. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, ‘माझं शिंग ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही. मेलास तरी नाही!’

आम्ही त्यालाही हसलो. मीपण हसलो होतो.

पुढचा हाका पंधरा डिसेंबरला. इझिदोरला सात नंबरची जागा मिळाली, वरच्या कडेच्या मोठ्या बीचच्या झाडाखाली. साडेतीनच्या सुमाराला एका नर डुकराने उलटून एका हाकाऱ्याची मांडी फाडली. रक्त थांबेना. सगळे धावले. कोटाची झोळी करून त्याला रस्त्यावर आणला, सिरिलने स्वतःच्या पट्ट्याने त्याची मांडी आवळून धरली, आणि तसाच त्याच्याबरोबर गाडीतून दवाखान्यात गेला. पोरगा वाचला. सिरिलनेच वाचवला. पण या सगळ्या धावपळीत शिंग वाजवायचं राहिलं. ते त्याच्या गळ्यातच होतं, सगळा रस्ताभर.

जे लांब होते त्यांना मी फोन केले. इझिदोरकडे फोन नव्हता. त्याची गाडी नेहमीप्रमाणे पलीकडच्या खालच्या रस्त्याला. आम्हाला वाटलं, दंडाचा राग आहे, गेला असेल तसाच घरी. कोणी म्हणालंही, ‘इझिदोर कुठाय?’ आणि कोणी म्हणालं, ‘पन्नास युरो शोधत असेल.’ ते म्हणणारा मी होतो. एवढं सांगतो आणि पुढे जातो.

सकाळी सापडला. बीचला टेकून बसलेला, बंदूक मांडीवर, भरलेली. शिंग वाजल्याशिवाय बंदूक रिकामी करत नाहीत ना आपण... उणे चौदा होतं रात्री. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. बिस्त्रा त्याच्या पायांवर पडून होती, जिवंत. रस्ता तिथून दोनशे पावलं. पण बर्फ फक्त त्या झाडाच्या बुडाशी तुडवलेला होता. ऊब यावी म्हणून उभ्या उभ्या पाय आपटले असणार त्याने, तासन् तास, दगडासारखा कठीण झाला होता बर्फ. त्या वीतभर जागेबाहेर एक पाऊल गेलेलं नव्हतं.

बंदूक आणि ती पाच हिरवी काडतुसं पोलिसांनी नेली. मंडळाचा चिटणीस मीच. काडतुसं नष्ट केल्याचा कागद पुढच्या मार्चमध्येच माझ्या सहीने दाखल झालाय. हे लक्षात ठेवा.

सिरिलने कुत्री घरी नेली. शिंग त्या खिळ्याला अडकवलं, आणि वर्षभर त्याला हात लावला नाही. पुढचे सगळे हाके फोनवर संपले. सात नंबरवर त्याने पुन्हा कोणाला उभं केलं नाही. स्वतःही गेला नाही.

तर त्या रात्री.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. बर्फावर चांदणं, विजेरी लागत नव्हती. गाडी उभी करून सिरिल कोटापाशी आला. कोटावर कुत्रीच्या अंगाचा खळगा होता. कुत्री नव्हती.

‘बिस्त्रा!’

काही नाही. खळग्यापासून तिची पावलं निघाली होती. सरळ वर. सात नंबरकडे.

सिरिल म्हणतो, तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण कुत्री इझिदोरची. तिला दुसऱ्यांदा तिथे रात्रभर कसं सोडायचं? चढला.

अर्ध्यावर आवाज आला. सप... सप... सप. शेपटीने बर्फ झाडल्याचा.

बिस्त्रा बीचखाली बसली होती. मान वर. एकाच माणसाकडे ती तसं बघायची.

झाडाच्या सावलीत अजून एक सावली होती.

टोपी. खांदा. खांद्यावर बंदूक. पट्ट्यावर चांदण्यात काहीतरी चकाकलं... तार.

‘सिरिल...’

आवाज दमलेला होता. रागावलेला नव्हता. सिरिल म्हणतो, रागावलेला असता तर बरं झालं असतं.

‘सिरिल, संपली का रे शिकार?’

...

‘मी हललो नाही हं. बघ. कुठ्ठे गेलो नाही.’

...

‘या वेळी दंड लावू नकोस.’

सिरिलचा हात आपोआप गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं.

‘फार गारठलोय रे... वाजव ना.’

इकडे मी पत्ते पिसून बसलो होतो. दार उघडलं. सिरिल. टोपी नाही, कोट नाही. मी म्हणालो, ‘सापडली का कुत्री?’ त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवरून शिंग काढलं आणि तसाच बाहेर गेला.

मी विजेरी घेऊन माझ्या गाडीने त्याच्या मागे गेलो. कोट पडला होता तिथे, रस्त्यावर, तो उभा. शिंग ओठांना लावलेलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा वासरू हंबरल्यासारखं काहीतरी.

तिसऱ्यांदा वाजलं.

तुम्ही ते सूर आता दर हाक्याला ऐकता. शिकार संपली, बंदुका रिकाम्या करा, घरी चला. चाळीस वर्षं मी ते ऐकले आणि गुलाशची आठवण यायची, बस. त्या रात्री मी रस्त्यावर उभा राहून रडलो.

सूर विरला. रान गप्प.

मग वरून... बंदूक रिकामी करताना खटका मागे ओढतात, तसा आवाज. जुना, जड. माउझरचा.

पुन्हा.

पुन्हा.

पाच वेळा. मी मोजले.

थोड्या वेळाने बिस्त्रा खाली आली. धावत नाही, चालत. कोणाच्या तरी पावलाला पाऊल लावून यावं तशी. येऊन कोटावर बसली. पण बघत होती रस्त्याकडे. तिची मान हळूहळू वळत गेली... आमच्या बाजूने... मग पलीकडे, खालच्या रस्त्याच्या दिशेने, जिथे इझिदोरची गाडी असायची. शेपटी हलत होती. मग थांबली. तिने एक मोठा श्वास सोडला आणि डोकं पुढच्या पायांवर ठेवलं.

सिरिल वर निघाला. मी त्याच्या मागे.

बर्फावर सिरिलची मघाची पावलं होती, जातानाची आणि येतानाची. कुत्रीची होती. तिसरं पाऊल नव्हतं. बीचखाली तो सपाट दगड आहे ना, त्यावर इझिदोर जाड लोकरी पिशवी टाकून बसायचा. मी विजेरी मारली.

दगडावर पाच काडतुसं होती. एका ओळीत, शेजारी शेजारी. कडेला हिरवा रंग.

सिरिल गुडघ्यांवर बसला. शिंग त्याच्या छातीवर लोंबत होतं. मग लहान पोराने विचारावं तसं त्याने मला विचारलं, ‘फेलिक्स, गेला असेल ना रे तो घरी?’

मी वाकून त्यातलं एक उचललं. गाडीतल्या तापमापकावर उणे बारा होतं त्या वेळी. दगडाला हात चिकटत होता.

काडतूस गरम होतं. आत्ताच कोणी खिशातून काढून ठेवावं, एवढं.

मी ते सिरिलच्या तळहातावर ठेवलं, आणि त्याची मूठ मिटली.