या आठवड्याचं सूत्र

त्या आठवड्याचं सूत्र होतं 'तार'.

सोमवारी नूतन मगदूमने तंबोरा पुढ्यात घेतला आणि आठ वर्षांच्या केतकीला तारेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवायला सांगितलं. सूर चढला. तो का चढला, हे विज्ञान. अर्ध्या तारेला दुप्पट उंच सूर कसा, हे गणित. मंगळवारी इतिहास : पूर्वी दारात तारवाला दिसला की बायका तार वाचण्याआधीच रडायला का लागत. बुधवारी साखरेचा पाक, आणि दोन बोटांच्या चिमटीत एकतारी-दोनतारीतला फरक. गुरुवारी विजेच्या तारेवरची चिमणी. एक शब्द धरायचा आणि सगळे विषय त्यात ओवायचे, यालाच सूत्र म्हणत.

मिरजेत आता घरोघरी असंच शिकवत. शाळा बंद पडल्या नव्हत्या. पण ज्यांना जमलं त्यांनी मुलं घरी आणली होती, आणि त्याला कारण होती सूत्रपट्टी.

कपाळाला बांधायची ही मऊ पट्टी एका साध्या तत्त्वावर चाले. दिवसभरात पाहिलेलं, ऐकलेलं सगळंच मेंदू ठेवत नाही. झोपेत तो दिवसाची उजळणी करतो. काही गोष्टी पक्क्या करतो, बाकीच्या पुसट होऊ देतो. सूत्र शिकताना मुलाच्या मेंदूत ज्या लहरी उठतात त्यांची ठेवण पट्टी दिवसा टिपते आणि रात्री झोपेत त्याच ठेवणीला हलकेच चाळवते. मग सूत्राशी जोडलेलं सारं पक्कं होऊन बसतं. केतकी धड्यातलं काही म्हणजे काही विसरत नसे.

अडचण एकच होती. शिकवणारी आईच असल्यामुळे केतकी भागाकार अर्धवट टाकून मांडीवर चढे आणि "आई, भूक लागली" म्हणे. म्हणून दोन वर्षांपूर्वी नूतनने नियम केला होता : "धड्याच्या वेळी मी आई नाही, बाई. आणि बाईंना अहो-जाहो करायचं." केतकीला त्याची फार गंमत वाटली होती.

शुक्रवारी धडे संपले. नूतन स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. केतकी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, आत येऊ?"

"बाई गेल्या घरी," नूतन हसत म्हणाली. "आता आई आहे. ये, पापड भाजलाय तुझ्यासाठी."

केतकी हसली नाही. "बाई, आई कधी येणार?"

"ही काय, पोळ्या लाटतेय."

"चेष्टा नको ना, बाई. बाबा समुद्रातल्या पवनचक्कीवर आहेत, ते मला माहितीये. पण आई कुठे असते?"

लाटणं थांबलं. नूतनने वळून पाहिलं. नाटक करताना केतकीच्या ओठांचा एक कोपरा हमखास हलायचा. तो हलत नव्हता.

गेले कित्येक महिने ती संध्याकाळीही 'तुम्ही' म्हणत होती, हे नूतनला तेव्हा आठवलं. तिने ते कौतुकाने नवऱ्याला फोनवर सांगितलंही होतं. "तुझ्या लेकीला काय वळण लागलंय बघ!" आणि सन्मती तिकडे वाऱ्याच्या घोंगाटात खदाखदा हसला होता.

नूतन केतकीला डॉ. फिरोज शिकलगारांकडे घेऊन गेली; ते झोपेचे अभ्यासक होते. त्यांचं घराणं तंबोरे करणारं; नूतनचा तंबोरा त्यांच्या चुलत्यांच्या दुकानातला. त्यांनी केतकीला समोर बसवून एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली.

"हे कोण?"

"बाबा."

"आणि ह्या?"

"बाई."

"हे?" फोटोत दवाखान्याच्या खाटेवर नूतन होती आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली केतकी.

"बाईच आहेत. बाळ कुणाचंय ते नाही माहीत."

नूतनने खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी केतकीला बाहेर काचपेटीतले मासे बघायला पाठवलं.

"सांगा, काय झालंय हिला?"

"आजार नाहीये, ताई. पट्टीने तिचं काम चोख केलंय. रात्र तेवढीच असते. मेंदूला एक गोष्ट पक्की करायला लावली, की दुसरीला वेळ उरत नाही. तिची वेणी घालणं, न्हाऊ घालणं, कुशीत झोपवणं... हे कुठल्या सूत्रात होतं?"

"ते कशाला असेल? ते काय शिकवायचं असतं?"

"म्हणून ते राहिलं नाही."

"मग सन्मती? तो महिनोन्‌महिने घरी नसतो. त्याला बरी ओळखते!"

"'वारा' सूत्र घेतलं होतंत?"

"उन्हाळ्यात."

"त्यात बाबांची पवनचक्की होती?"

नूतनने मान डोलावली.

"तुमचा चेहरा तर रोज धड्यात होता," डॉक्टर म्हणाले. "पण बाई म्हणून. आई हा शब्द तिला माहीत आहे. चिमणीच्या पिल्लाला आई असते, तशी आपल्यालाही कुठेतरी असणार, हे तिने ताडलंय. फक्त ती जागा रिकामी आहे."

"आता?"

"पट्टी काढा. आई म्हणून तिच्याजवळ राहा. पुसलेलं परत येणार नाही, नवं जमेल. किती दिवसांत, ते मी सांगू शकत नाही."

"आणि 'आई' हेच सूत्र घेतलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पक्कं होईल. आठवडाभरात. पण शिकवणार कोण?"

"मीच! माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहितीये?"

"मी तुमच्या जागी असतो तर सन्मतींना बोलावलं असतं."

"त्याची बोट तिकडून महिन्याच्या शेवटी सुटते. तोवर रोज लेकीकडून बाई म्हणवून घेऊ?"

तिने आठवडाभर पट्टी काढून पाहिली. केतकी रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहू लागली. डोक्याला तेल लावू देईना. "आई आल्यावर लावेल" म्हणे. एकदा अंथरूण घालताना तिने अगदी काळजीने विचारलं, "बाई, तुमच्या घरी कुणी वाट बघत नाही का?"

पुढच्या सोमवारी नूतनने फळ्यावर लिहिलं : 'आई'.

"या आठवड्यात मला बाई म्हणायचं नाही. आई म्हणायचं," तिने सांगितलं.

केतकी गोंधळली. "पण धडा चालू आहे ना, बाई? धड्यात बाईच म्हणायचं. तुमचाच नियम आहे."

नूतनने पुन्हा समजावलं. केतकीचे डोळे भरून आले. नियम मोडायचा तिला धीर होईना. रडत्या मुलाला काय शिकवायचं, म्हणून नूतनने तो हट्ट सोडला आणि धड्यात ती बाईच राहिली.

पाठ मात्र तिने आयुष्यात कधी आखला नव्हता असा आखला. पोटातलं बाळ बाहेरच्या आवाजांतून आईचा आवाज कसा वेगळा ओळखतं, हे विज्ञान. आईचं माहेर तासगाव, तिथली काळी जमीन आणि द्राक्षांचे मळे, हा भूगोल. आई आणि लेक यांच्या वयांतलं अंतर कधीच बदलत नाही, पण लेकीच्या वयाच्या कितीपट आईचं वय, हे मात्र दरवर्षी कमी होत जातं, हे गणित. खपली गव्हाची खीर. आईनेच जुळवलेली अंगाई. रोज पट्टी बांधताना नूतन गाठ दोनदा तपासून बघे.

शुक्रवारी सादरीकरण झालं. डॉक्टर आले होते. पडद्यावर सन्मती होता, केस वाऱ्याने विस्कटलेले. केतकी फळ्यापुढे ताठ उभी राहिली.

"माझी आई तासगावची. तिला आंबट द्राक्षं आवडतात. मी जन्मले तेव्हा ती आधी हसली आणि मग रडली. माझ्या पहिल्या वाढदिवसाला खीर उतरवताना तिचं उजवं मनगट भाजलं. तिथे चिंचेच्या पानाएवढा डाग आहे. तरी तिने आधी मला वाटी भरून दिली. माझी आई मला जगात सगळ्यात जास्त आवडते."

मग तिने अंगाई म्हटली. एक शब्द चुकला नाही. पडद्यावर सन्मती डोळे पुसत होता. नूतनला राहवलं नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले.

केतकी पुढे आली. तिने नूतनचा उजवा हात हातात घेतला, वळवून नीट पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"बाई! तुम्हालाही अगदी तिथंच भाजलंय!"

डॉक्टर खाली पाहत होते.

"आई आली ना, की तुमची ओळख करून देते," केतकी म्हणाली. "तुम्हाला खूप आवडेल ती. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या.