जुजेबाबाचं थोरलं पिंप

फोन खाली ठेव प्रेम, न्हाईतर उठून आत जा. वंदना, तूबी. लाइट यायला अजून येळ हाय, तवर सांगतो. पण मधीच "आबा, खरंच का?" असं कोणी इचारलं तर मी कूस बदलून झोपीन. खरं-खोटं करायचं असलं तर देवानंदला जाऊन इचारा. टेंभुर्णीत राहतो, अजून टेम्पोच चालवतो.

गेल्याच्या गेल्या सालची होळी. तिची आदली रात्र. देवानंदला भाडं लागल्तं. अंबडहून अंकुशनगरला निघालं की उसाच्या वावरांत एक दगडी घर लागतं. तिथून चार-पाच ड्रम भरून उचलायचे आन् उजाडायच्या आत संभाजीनगरच्या एका हाटेलात टाकायचे, एवढंच काम. सकाळी पुरणपोळीला घरी येतो म्हणून बायकोला सांगून आल्ता बिचारा.

ते घर जुजेबाबाचं. जुजेबाबा इटलीचा. मोठ्या लढाईत इंग्रजांनी पकडून इकडं आणलेला शिपाई. लढाई संपली, बाकीचे आपल्या मुलखाला गेले, हा गेलाच न्हाई. इथं जमीन कसली, द्राक्षं लावली, इथल्याच पोरीशी लगीन केलं आन् दारू करायला लागला. तुम्हाला वाटती तसली हातभट्टी न्हाई. द्राक्षाची, चर्चमधी लागती ती. त्याच्या मागं पोरगा मारिओशेठ. दिसायला गोरागोमटा, पण शिव्या बिलकुल अंबडच्या. आन् तिसरा हा कल्याण, मारिओशेठचा एकुलता एक.

आता ह्या कल्याणचं काय सांगू. पुण्यात दोन वर्षं काढली आन् नाकानं कांदे सोलायला लागला. गावात उतरला की रुमाल नाकाला. बापानं, आज्यानं ज्यात जिंदगी घातली त्या धंद्याला म्हणायचा, "शी, पायानं तुडवलेलं लोक पितात." दीडशहाणा कुठला. त्याच्या कालेजाची फी त्याच पायांनी भरली, ते न्हाई आठवलं. तुमच्यासारखंच. तुम्हाला तरी कुठं आठवतंय.

त्या घरात एक रीत होती. तळघरात एक मोठं लाकडी पिंप होतं, थोरलं पिंप म्हणायचे. जुजेबाबानं पहिल्या साली भरलेलं ते पुन्हा कधीच रिकामं झालं न्हाई. दरसाली द्राक्षं उतरली की घरच्या कर्त्यानं पहिली पाटी तळघरातल्याच दगडी हौदात सोताच्या पायानं तुडवायची. तिची दारू झाली की थोरल्या पिंपात ओतायची, आन् मंग जेवढी ओतली तेवढीच काढायची. आधी घालायचं, मंग काढायचं. म्हंजे जुजेबाबाच्या पहिल्या सालची दारू थोडी का होईना त्यात होतीच. मारिओशेठच्या सगळ्या सालांचीबी.

मारिओशेठ वारला, आन् कल्याणनं एकच धरलं. हे समदं फुकून टाकायचं, पुन्हा या घराचं तोंड बघायचं न्हाई. सुटायचं होतं त्याला. पिंपातली दारू हाटेलवाल्यानं मागितली, वर पिंपबी मागितलं. मधून कापून हात धुवायचं बेसिन करणार होते त्याचं. हा गडी हसत हसत सांगायचा लोकांना. लाज अशी न्हाईच.

तर देवानंद तळघरात उतरला. कल्याण तिथं उभाच. म्हणला, "देवानंद, आमच्याकडं आधी घालायची रीत हाय बरं का. रीत पाळली पाहिजे." आन् खिशातून काय काढलं? अंबडच्या दुकानातलं द्राक्षाच्या रसाचं पुडकं. लेकरं नळीनं पितात ते. कोपरा फाडला, पिंपात ओतला आन् म्हणला, "घ्या आजोबा. यंदाचं पीक."

देवानंद सांगतो, मीबी हसलो. पोटासाठी हसावं लागतं.

मंग तोटी सोडली. ड्रम भरत गेले. शेवटाला पिंप तिरपं करून गाळसुद्धा काढला त्यांनी. कल्याणनं पिंपावर टिचकी मारली, पोकळ वाजलं. ड्रम वर नेले, टेम्पोत चढवले, दोर बांधला. देवानंदनं किल्ली हातात घेतली.

तवा खालून आवाज आला.

चप्... चप्... चप्...

कल्याण म्हणला, "तोटी उघडी राह्यली का रे?"

"पिंप कोरडं हाय भाऊ."

चप्... चप्...

चिडून खाली गेला कल्याण. देवानंद मोबाईलची बत्ती घेऊन मागं. पायऱ्या संपायच्या आधीच देवानंद थांबला. पुढं जाववलं न्हाई.

आवाज हौदातून येत होता. मारिओशेठ आजारी पडल्यापासून कोरडा पडलेला हौद. बत्ती मारली तर आत कोळ्याची जाळी. दुसरं काई न्हाई.

आवाज मातर होता. कोणीतरी तुडवून राह्यलं होतं. एक न्हाई. दोघं.

"कोण हाय?" कल्याण म्हणला.

थांबलं.

...

मंग कल्याणनं खाली वाकून बूट काढले. मोजे काढले. पँट वर खोचली. देवानंद म्हणला, "भाऊ, काय करताय?" कल्याणनं हौदाच्या काठावर पाय टाकला. आत उतरला.

आन् तुडवायला लागला.

डावा. उजवा. डावा. कोरड्या दगडावर. आन् आवाज ओला.

थोड्या येळानं मान वळवली त्यानं. तोंड रडवेलं. म्हणला, "देवानंद... धर मला. माझे पाय थांबंनात."

देवानंदनं हात धरून ओढला. हलला न्हाई. दोन्ही बाजूंनी कोणीतरी खांद्याला खांदा लावून उभं असावं, असा घट्ट.

देवानंद पायरीवर बसला. पळायचं होतं, पळता येईना.

चप्... चप्... चप्...

कोंबडं आरवलं तवा थांबलं. कल्याण बाहेर आला. टेम्पोतले ड्रम एकट्यानं खाली उतरवले आन् समदी दारू परत पिंपात ओतली. घराला कुलूप लावलं आन् पुण्याची यष्टी धरली. परत आलाच न्हाई.

एवढंच असतं तर मी म्हणलो असतो, देवानंदनंच त्यातली चाखली असंल.

पण यंदा होळीनंतर आपल्या गावच्या बेबीनंदाच्या पोरीच्या लग्नाला मी पुण्याला गेल्तो. तिथं भेटला कल्याण. मला कुठं राहवतंय. चार लोकांत म्हणलो, "काय शेठ, सुटली का घाण?"

वाटलं भांडंल. न्हाई भांडला. मला हाताला धरून मांडवाच्या मागं नेलं. खुर्चीवर बसला आन् बूट-मोजे काढले.

पाय जांभळेकाळे. ताज्या द्राक्षाचा वास. म्हणला, "साबण झाले, दवाखाने झाले. पहिल्या सकाळी नुसते तळवे होते, काकासाहेब. गेल्या सालच्या होळीला घोट्यापर्यंत आलं." मंग त्यानं पँट वर घेतली. गुडघ्याच्याबी वर गेल्तं.

मी बोट लावून पाह्यलं.

ओलं होतं.