एका दाताचा फरक

“उस्ताद कुठे आहेत?”

पावसाची बारीक भुरभुर चालू होती. गॅरेजच्या दारात एक उंच, नखशिखांत भिजलेला माणूस उभा होता आणि त्याच्यामागे त्याची जुनी पांढरी व्हॅन. चढावरून ती त्यानं एकट्यानं ढकलत आणली होती, हे त्याच्या धापेवरूनच कळत होतं.

“समोर उभे आहेत,” मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडे... आणि वाकून माफी मागितली. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चांगबिनमध्ये नऊ वर्षं मी हे गॅरेज चालवतेय. तो प्रश्न मला रोजचा आहे. माफी मागणारा मात्र हा पहिलाच.

“काय झालं गाडीला?”

“चालता चालता गप्प झाली. आधी एक कोरडा आवाज – फट्. आणि पाठोपाठ आत आठ बारीक टोले.”

“टोले मोजलेत?”

“सवय आहे,” तो ओशाळून म्हणाला. “मी पियानो सुरात लावतो. गावोगावच्या शाळांमधले.”

मी किल्ली फिरवली. इंजिन हलकं, पोकळ फिरलं. आत कुणीच घरी नसल्यासारखं. पुढचं झाकण काढलं, तर टायमिंग बेल्ट तुटून त्याच्या नुसत्या दशा लोंबत होत्या.

“हा लाख किलोमीटरला बदलायचा असतो. तुमचे किती झाले?”

“एक लाख सत्तर हजार.”

“वेळेवर आला असतात तर आठ हजारांत भागलं असतं.”

“आणि आता?”

“इंजिनाचं हेड उतरवल्याशिवाय सांगणार नाही. मी अंदाजानं पैसे सांगत नाही.”

त्याचं नाव यू बोरेन. गाव ताइनान. रात्री तो चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिला आणि सकाळी आठच्या ठोक्याला, दोन गरम सोयादुधाचे पेले घेऊन दारात हजर.

दुपारपर्यंत हेड टेबलावर आलं. मी त्याला बोलावलं. सोळा व्हॉल्व्हपैकी आठ वाकले होते.

“हे बघा,” मी म्हणाले. “पिस्टन वर येतो, तेव्हा यांनी वाटेतून बाजूला व्हायचं असतं. तुम्ही रस्त्यानं मजेत जात होतात तेव्हा यातला प्रत्येक जण सेकंदाला पंचवीस वेळा उघडत होता, मिटत होता. दोघांमध्ये अंतर किती? नखाएवढं.”

“आणि कधीच धडकत नाहीत?”

“पट्टा दोघांची वेळ सांभाळतो, तोवर नाही.”

तो खाली वाकला. मग एका बोटानं, झोपलेल्या बाळाला लावावा तसा, त्यानं एका वाकड्या दांडीला हात लावला.

“सतरा वर्षं हे माझ्या पायाशी चाललं होतं,” तो हळूच म्हणाला, “आणि मी रेडिओ ऐकत होतो.”

नऊ वर्षांत मी शेकडो लोकांना असे व्हॉल्व्ह दाखवलेत. लोक विचारतात, किती होतील? या माणसानं आधी त्यांच्याकडे बघून घेतलं होतं... मला उगाचच हात पुसावेसे वाटले.

“अडतीस हजार होतील,” मी म्हणाले. “बेल्ट, पुल्या, पाण्याचा पंप, आठ व्हॉल्व्ह, हेड ताइतुंग शहरात पाठवून घासून आणायचं. आणि खरं सांगू? अशा गाडीला बाजारात तीस हजारही कुणी देणार नाही. भंगारात द्या.”

स्वतःच्या हातानं गिऱ्हाईक घालवत होते. पण खोटं बोलवेना.

“दिवस किती लागतील?”

“सहा.”

“मग करा,” तो म्हणाला.

पलीकडच्या गावातल्या शाळेचा पियानो लावायचा तर राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी मीच त्याला माझ्या ट्रकमधून घेऊन गेले. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये त्याची हत्यारांची पेटी.

“थांबणार?” त्यानं विचारलं.

“पाच मिनिटं.”

तीन तास थांबले. त्यानं पियानोची पुढची फळी काढली आणि मी उठून उभीच राहिले. आत दोनशेच्या वर तारा. प्रत्येक पट्टीमागे लाकडाचे इवलेसे सांधे – एक उचलतो, एक सोडतो, एक नेमक्या क्षणी मागे सरतो, म्हणजे तार मोकळी वाजावी.

“हे तर...” मी आणखी जवळ गेले.

“तुमचंच काम आहे,” तो म्हणाला. “फक्त पेट्रोल लागत नाही.”

मग तो एकेक तार ताणू लागला. बेसूर स्वर आधी थरथरायचा, मग ती थरथर संथ होत जायची, आणखी संथ... आणि एका क्षणी थांबायची. त्या क्षणी खोली मोठी झाल्यासारखी वाटायची.

संध्याकाळी माझी आई – आम्ही इथले मूळनिवासी अमी लोक आईला इना म्हणतो – त्याला गॅरेजमागच्या आमच्या घरी जेवायला घेऊन आली. चिकट भात, रानभाजीचं सार, धुरावलेला मासा. त्यानं भात चॉपस्टिकनं उचलायला घेतला, तर इना सुपारी चघळत म्हणाली, “देवानं हात कशाला दिलेत? आमच्या पोरीचे बघ, तेलातून काढून थेट भातात जातात.”

“तेलाची चव येते का?” त्यानं मला विचारलं.

“सवय झाली की कळत नाही.”

“मग सवय करून घेतो,” तो म्हणाला. आणि मी साराच्या वाटीत बघत बसले.

पाचव्या दिवशी हेड परत आलं. सहाव्या दिवशी मी नवा बेल्ट चढवत होते आणि तो शेजारी बसून मोसंबं सोलत होता, मध्येच एखादी फोड माझ्या तोंडाशी धरत होता. माझे हात मोकळे नव्हते... निदान मी तसं म्हणाले.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. शेजारचा दुकानदारही बाहेर येऊन मान डोलावून गेला.

बोरेन मात्र मान कलती करून उभा राहिला.

“लंगडतेय,” तो म्हणाला.

“काय?”

“फार नाही. पण कुणीतरी किंचित उशिरा येतंय.”

माझं डोकं तापलं. “मी अशी तीनशे इंजिनं बसवलीत. तुमचे पियानो वेगळे, हे वेगळं.”

“खरंय,” तो म्हणाला. “मी चुकत असेन.” पण त्याचे कान काही मागे हटेनात. मलाही गप्प बसवेना. बेल्ट चढवल्यावर इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा ताडून बघायच्या असतात. त्या दिवशी मी बघितल्या नव्हत्या.

मी पुन्हा झाकण उघडलं. खालच्या चाकाची खूण बरोबर जागेवर होती. वरच्या चाकाची एक दात मागे.

फक्त एक दात. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.

मी जमिनीवरच बसले. गॅरेजमधल्या गोंगाटात, समुद्राच्या आवाजात, त्यानं तो एक दात ऐकला होता. अशा कानापुढे मी गेले सहा दिवस काय काय बडबडले होते, आणि माझ्या आवाजात त्याला आणखी काय काय ऐकू आलं असेल...

“चूक तुमची आहे,” मी कशीबशी म्हणाले. “फोडी भरवत होतात.”

“मान्य.”

“दुसऱ्यांदा उघडल्याचे पैसे घेणार नाही.”

“तेही मान्य.”

बेल्ट नीट बसवला. या वेळी खुणा तीनदा ताडल्या. इंजिन सुरू झालं, आणि रोजचाच इंजिनाचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा कान देऊन ऐकला.

त्यानं अडतीस हजार माझ्या हातात ठेवले. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

“एक सांग,” मी म्हणाले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. “भंगारात का नाही दिलीस?”

“दिली असती तर त्याच संध्याकाळच्या बसनं गेलो असतो,” तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला. “तू सहा दिवस म्हणालीस. मला ते स्वस्त वाटले, इपाय.”

माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. मी त्याची बोटं घट्ट धरली, काळ्या हातानं.

मागून इना खाकरली. “पोरा, आमच्यात मुलगी सासरी जात नाही. जावई नांदायला येतो. ठाऊक आहे ना?”

तो कानापर्यंत लाल झाला. “घरात... पियानोला जागा आहे का?”

“केवढा असतो?” इनानं विचारलं, आणि आत जाऊन कपाट सरकवायला लागली.

तो गेला आणि एकोणीस दिवसांनी पियानोच्या ट्रकमागोमाग परतला. गावातल्या सहा जणांनी पियानो घरात आणला. त्या दिवशी बोरेननं वाजवला नाही. इथली हवा लागू दे, तारा घाबरल्यात, म्हणाला. मीही घाई केली नाही. आम्ही दोघं त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिलो, खांद्याला खांदा लावून. बाहेर समुद्र चालू होता, आत बोरेनचा श्वास – आणि मी ऐकत होते.