फायटरच्या पाण्यातलं मीठ

"हे मीठ कुणासाठी? तुमच्यासाठी की माशासाठी?"

कालिंदी दचकून वळली. परळच्या त्या माशांच्या दुकानात टाक्यांचा निळा उजेड चेहऱ्यांवर पडायचा आणि माणसं जरा बुडाल्यासारखीच दिसायची. हा विचारणाराही तसाच दिसत होता – उंच, बोटांना रंग लागलेला, आणि डोळे मात्र हसरे...

"माशासाठी," ती म्हणाली. "फायटर आहे. नुसता तळाशी पडून असतो. दुकानदार म्हणाले, मीठ घाला आणि ही निळी बाटली."

"दोन्ही ठेवून द्या."

"का? दुकान तुमचं आहे?"

"छे! उलट मला इथून हाकलणारच आहेत आता." तो हळूच वाकला. "नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मारायचं औषध तेवढं घ्या, ते लागतंच. बाकी बाटल्या म्हणजे नुसता थाट. आणि मीठ आजारावर, तेही थोडे दिवस. रोज घातलं तर पाणी उडून जातं, मीठ मात्र घरातच राहतं."

का कोण जाणे, त्या वाक्याने कालिंदीच्या अंगावर शहारा आला.

त्याचं नाव हितेंद्र. दादरच्या शाळेत चित्रकला शिकवायचा, घरी त्याचेही फायटर होते. "काही वाटलं तर फोन करा," म्हणून त्याने नंबर दिला, आणि मग कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे... माशाला काही वाटलं तर."

लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत आता कालिंदी आणि तिचे वडील, दोघंच. फायटर आईचा होता. ती त्याला मालवणीत 'झिलगो', म्हणजे पोरगा, म्हणायची. लेकराची काढावी तशी त्याची दृष्ट काढायची. उन्हाळ्यात आई गेली, आणि झिलग्याने खाणं टाकलं. तिन्हीसांजेला मात्र तो एकदम उसळी मारून वर यायचा, कल्ले फुलवायचा आणि स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे टक लावून बघत राहायचा. आईचं एवढंच उरलं होतं. तेही हातचं जाईल या भीतीने कालिंदीला झोप लागत नव्हती.

तिने पाणी बदललं, क्लोरिनचं औषध घातलं. दुसऱ्या दिवशी मासा चांगला फिरला. पण संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा काचेच्या कडेला पांढरी रेघ होती. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

तिने पुन्हा पाणी बदललं. पुन्हा खारट! बाबांना विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. शेवटी तिने फोन लावला.

"माशाला काही वाटलं?" हितेंद्र म्हणाला.

"मला वाटलं," ती म्हणाली. "येशील?... म्हणजे याल?"

"येतो. आणि 'येशील'च बरं वाटलं."

दुसऱ्या संध्याकाळी दोघं जिना चढले तेव्हा दिवे लागत होते. दार नुसतं लोटलेलं. आतून आवाज आला – बारीक, लाडिक, बाईचा आवाज. "इडा पिडा टळो... माझ्या झिलग्याक कोणाची नजर नको..." कालिंदीने हितेंद्रचा दंड घट्ट धरला. तो आवाज ती जन्मापासून ओळखत होती.

तिने दार ढकललं. आवाज थांबला. टाकीशी बाबा एकटेच उभे होते, हातात मिठाचा डबा. पाण्यात दाणे अजून खाली उतरत होते.

"बाबा... तुम्ही मीठ टाकताय?"

बाबांनी शांतपणे मान हलवली. "मी खंय टाकतंय गे? तीच टाकता. मी फक्त डबो धरतंय."

कालिंदीला रडू फुटलं. बाबांवर ओरडावं की त्यांना जवळ घ्यावं, तिला कळेना. हितेंद्र मात्र चपला बाहेर काढून आत आला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून त्याने हात जोडले.

"काकी," तो अदबीने म्हणाला, "दृष्ट काढा, जरूर काढा. पण मीठ पाण्यात नको. त्याला सोसत नाही ते, हळूहळू मरेल तो. तुमचाच आहे ना? आम्ही सांभाळू त्याला... मी आणि कालिंदी."

खोलीत पंखा फिरत होता, तरी हवा थिजली होती. मग बाबांनी सुस्कारा सोडला, डब्याचं झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. खुर्चीत बसून ते लहान मुलासारखे रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर पाणी कधी खारट झालं नाही. हितेंद्र 'माशाला बघायला' येत राहिला, आणि मासा ठणठणीत झाला तरी येतच राहिला. बाबांशी भजी खात गप्पा मारायचा. कालिंदी दाराआडून बघायची, आणि त्याने पाहिलं की उगाच केस सारखे करायची.

एका संध्याकाळी दोघं गॅलरीत उभे होते. रिमझिम होती, कठड्यावरचे हात अगदी जवळ... पण लागलेले नव्हते.

"एक विचारू? आईशी बोललास ना, तेव्हा बाबांकडे नाही, दाराकडे बघत होतास. का?"

त्याने कठड्यावरचं पाणी बोटाने पुसलं. "सांगितलं तर घाबरशील."

"सांग."

"त्या तिथेच उभ्या होत्या."

कालिंदीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते.

"काही... काही म्हणाली?"

"मला म्हणाल्या, 'बस रे, चाय टाकतंय.'" तो कसंनुसं हसला. "माझी बसायची हिंमतच झाली नाही. तेव्हापासून रोज येतो, कालिंदी. माशासाठी नाही. तुला ठाऊकच आहे कशासाठी."

आत पाण्यात काहीतरी चुळबुळलं. कालिंदीने मागे वळून पाहिलं नाही. कठड्यावरचा त्याचा गारठलेला हात तिने हातात घेतला आणि त्याला उंबऱ्याच्या आत आणलं.

"बस," ती म्हणाली. "चहा मी टाकते."

"रोज?"

"रोज."