आधी माग, मग बघू

मागावरचा धोटा खिडकीतून बाहेर आला आणि थेट खळीच्या घमेल्यात पडला. घमेल्याशेजारी केरा सुताच्या कांड्या भरत बसली होती. कोमट, चिकट खळ तिच्या गालावर, केसांवर, नव्या चोळीवर उडाली. डोळे पुसून तिनं वर पाहिलं, तर खिडकीत एक उंच, सावळा मुलगा... तोंड उघडं ते उघडंच, मागाची दोरी अजून हातात.

तो धावत बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"चूक... चूक झाला," तो म्हणाला.

"चूक झाली म्हनावं."

"तेच. झाली." मग घाबरत त्यानं विचारलं, "लागला?"

"लागलं न्हाय. पर चोळीचं वाटोळं झालं की."

"झाला," त्यानं गंभीरपणे मान हलवली. "वाटोळं झाला."

केराला हसू फुटलं आणि रागवायचं राहूनच गेलं.

शहरात इंग्रजांचा मार्शल लॉ येऊन गेला त्याला तेव्हा तीनचार वर्षं झाली होती. भवानी पेठेच्या पलीकडे, सरकीच्या एका जुन्या गोदामात ही विणकामाची शाळा भरायची. सुरुवात झाली तेव्हा तिथं दोन माग होते आणि उंदीर फार. मोठे सर विलायतेत शिकून आलेले. शनिवारी मुलांना एकत्र बसवून ते सांगायचे, की या जागी एक दिवस तंत्रविद्येचं विद्यापीठ उभं राहील, लांबलांबून मुलं येतील. आधी छप्पर गळायचं थांबू दे, असं मुलं त्यांच्या माघारी म्हणायची. पण ती यायची खरी लांबून. खाकी अर्ध्या चड्ड्या घालून सकाळी आकृत्या काढायची, दुपारी माग चालवायची, आणि पत्र्याच्या वसतिगृहात ज्वारीची भाकरी नि शेंगाची चटणी खाऊन ढेकणांशी झुंजत झोपायची.

शंकरप्पा त्यातलाच, मैंदर्गीकडचा धनगर. घरची मेंढरं, घरची बोली कानडी. शाळेत आल्यावर त्याला पहिला मराठी शब्द आला तो 'माग', कारण कानडीत मागाला मग्ग म्हणतात. तेवढाच एक शब्द त्याला ओळखीच्या माणसासारखा भेटला. बाकीची मराठी त्याच्याशी फटकूनच वागली.

केराचा बाप येडू हा शाळेचा राखणदार. तोही धनगरच, पण मराठी बोलणारा. दुष्काळात कळप गेला तसा तो शहरात आला. केरा नि तिची आई फुलाबाई शाळेसाठी कांड्या भरायच्या.

खळ उडाली त्या दिवसापासून शंकरप्पाच्या कांड्या फार लवकर संपू लागल्या. तो सारखा अंगणात यायचा. ती त्याची मराठी सुधारायची, तो तिला कानडी शिकवायचा. 'केळु' म्हणाला तेव्हा ती म्हणाली, हितं कुटलं आलंय केळं? त्यानं समजावलं, केळु म्हणजे ऐक. मग ती मुद्दाम दहादा 'केळु, केळु' म्हणाली आणि तो दरवेळी वळून बघत राहिला. श्रावणातल्या भुरभुर पावसात दोघंही वळचणीला उभी राहिली की मध्ये हातभर अंतर असायचं. त्या अंतरात काय काय होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक!

ती त्याला 'तुमी' म्हणायची. शिकणारा मुलगा, म्हणून मान.

पण घरात वेगळंच शिजत होतं. केराचं वय झालं होतं. फुलाबाई म्हणाली होती, चांगल्या घरनं कुणी मागितली की द्यायची, आता थांबायचं नाही. मंगळवेढ्याकडचे एक पाहुणे चौकशी करून गेलेही होते. मुलगा बिजवर, पण कळप मोठा. केराच्या जिवाला घोर लागला. शंकरप्पाच्या घरून कुणी आलं तर बाप नाही म्हणायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. पण यायला तर पाहिजे.

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला होता. पाळण्यांपाशी गर्दीत शंकरप्पा तिला भेटला. आई बांगड्यांच्या दुकानापुढं थांबली होती. तो जवळ आला आणि बहुधा कितीतरी दिवस घोकलेलं एका दमात बोलला.

"मला तू पायजे. माझ्या घरात... कायमचा."

यावेळी केरानं चूक काढली नाही. तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मनात आलं ते ती लाजून, मान वळवून, पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करून बोलून गेली.

"आधी माग, मग बघू."

आणि पळाली. थोडं पुढं जाऊन तिनं वळून पाहिलं. शंकरप्पा जागीच उभा होता आणि सर मापं सांगतात तेव्हा ऐकावं तशी मान हलवत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो अंगणात येईनासा झाला. शाळा सुटली की आवारातल्या सुतारशाळेत शिरायचा तो दिवेलागणीलाच बाहेर यायचा. केरा वाट बघू लागली. आज मैंदर्गीची माणसं येतील, उद्या येतील. रस्त्यावर कुणी घोंगडीवाला दिसला तरी ती हातातली कांडी टाकून उठायची. आडावर एकदा तो समोर आला. हात सोलवटलेले, डोळ्यांत झोप नाही. तिनं हळूच विचारलं, काय झालं रं?

"थोडं ऱ्हायला हाय," तो म्हणाला.

बापाची समजूत घालत असेल बिचारा, असं तिला वाटलं. लवकर कर, एवढंच ती बोलली. तो हसला. तिनं त्या हसण्यावर पुढचे कितीतरी दिवस काढले.

पण दिवस काही तिच्यासाठी थांबणार नव्हते. मंगळवेढ्याचे पाहुणे पुन्हा आले. केरानं आईला विनवलं, थोडं थांबा की. कुणासाठी, असं आईनं विचारलं. ज्यानं मागितलंच नाही, त्याचं नाव कुठल्या तोंडानं घ्यायचं? पुरुषाची जात, बोलायला बोलला आणि कचरला, असंही तिच्या मनात येऊ लागलं होतं. ओसरीवर सुपारी फुटली, तो आवाज तिनं चुलीपुढं बसून ऐकला.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, शंकरप्पा अंगणात आला. चेहरा नुसता फुललेला.

"माग झाला," तो म्हणाला. "चल, दावतो."

काय झालं, ते तिला कळेना. त्याच्या मागोमाग ती सुतारशाळेच्या मागच्या पडवीत गेली. तिथं एक नवाकोरा माग उभा होता. जुन्या तुळयांचं लाकूड, पण हात फिरवावा तर रेशीम. पायाखालच्या पट्ट्या आखूड होत्या. अंगणात पाणी सांडलं होतं तेव्हा तिच्या ओल्या पावलाचं माप घेतलं, असं तो लाजत म्हणाला. बसायची फळी दोघांपुरती रुंद होती.

"तू बोलली की. आधी माग. मग बघू." तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "आता... बघ."

केराला आधी हसूच आलं. हसता हसता ती मागाच्या खांबाला धरून खाली बसली.

"अरं, ह्यो माग न्हवं रं," ती म्हणाली. "माग म्हंजी... मागायचं. माज्या बापाकडं जायाचं नि म्हनायचं, तुमची केरा मला द्या."

त्याला उमगायला वेळ लागला. मग त्याच्या ओठांतून अगदी बारीक आवाज आला. "केळु..."

"केळु म्हंजी ऐक की."

"ऐकपन. मागपन. आमच्यात दोनी एकच."

'केळु' हा शब्द तिच्याजवळ होता. त्यानंच दिलेला, आणि तोही अर्धाच. रोजच्यासारखं 'तुमी' म्हणून 'आधी मागा' म्हणाली असती, तरी त्याला कळलं असतं. नेमकं त्याच दिवशी तिला माया आली आणि ती अरेतुरेवर उतरली. सुपारी फुटल्याचं तिनं त्याला सांगितलं. तो तडक येडूकडं गेला. केरा दाराआड उभी राहिली.

मोडक्या मराठीत का होईना, शंकरप्पानं मागितलं. तुमची केरा मला द्या, एवढंच. जे ती सांगून गेली होती ते.

येडू चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला.

"लेकरा, इतकं दिस कुटं हुतास?" तो म्हणाला. "तुजा बीरप्पा नि आमचा बिरोबा, द्येव काय येगळा हाय? सुपारीच्या आदी आला असतास तर हासत दिली असती. आता जबान गेली माजी."

शंकरप्पा त्याच्या पाया पडला आणि बाहेर आला. फाटकापाशी केरानं त्याला गाठलं.

"तू घरात का न्हाय बोलली?" त्यानं विचारलं.

"तू मागशील म्हनून थांबले."

"आनि मी माग करत बसला."

तो तिच्याकडं आणि ती रस्त्याकडं बघत राहिली. कुणाची तरी चूक असती, तर त्या माणसावर रागावून का होईना, दिवस निघाले असते. इथं रागवायलासुद्धा कुणी नव्हतं. परीक्षेला न बसताच तो गावी गेला, असं मागून कळलं. माग शाळेतच राहिला. मोठ्या सरांनी तो मुलांना दाखवून कामाची फार वाखाणणी केली. पट्ट्या इतक्या आखूड का केल्या, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला कासारीण आली. ओसरीवर शेजारणी जमल्या होत्या. केरानं दोन्ही हात पुढं केले.

"हात सैल सोड गं बाई," कासारीण म्हणाली. "दुखायचं न्हाय."

केरानं हात सैल सोडला आणि तिला रडू कोसळलं. ती इतकी रडली की कासारीण थांबली, आणि शेजारणी एकमेकींकडं बघून हसू लागल्या.

फुलाबाईनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. "येवड्याशा बांगड्यांनी कुनी रडतं व्हय?"