शेवटच्या कडव्यातलं नाव

“संपली,” तो डोकं वर न करता म्हणाला.

“कालच निघाली ना? आणि आज संपलीसुद्धा?”

“गोंदियातच संपली, मॅडम. मागणीच तशी हाय.”

“मग ही हातात काय आहे?”

आता त्याने वर पाहिलं. हातातल्या सीडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि मग माझ्याकडेच पाहत राहिला. अर्जुनीच्या मैदानावर मांडव उभा राहत होता. कुणीतरी माईकवर ‘हॅलो चेक, हॅलो चेक’ करत होतं, आणि ऑक्टोबरची उन्हं कलली होती. मी केशोरीहून काळीपिवळी जीपमध्ये गुडघे दुमडून आले होते, तेही घरमालकिणीला ‘मीटिंग आहे’ अशी थाप मारून. रिकाम्या हाताने परत जायचा माझा मुळीच विचार नव्हता.

“हे आमच्या गान्याच्या पार्टीची हाय. विकाची नाही.”

“उदाराम आणि पार्टी, सालेकसा,” मी म्हणाले. “यांच्या सगळ्या सीड्या आहेत माझ्याकडे. एक सोडून. ती तुम्ही धरून बसलात.”

“सगळ्या?” तो हसला. “तेवढ्या तं आमच्या मामाकडेबी नसतीन.”

“उदारामजी तुमचे मामा?”

“सख्खे.”

“मग त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, शेवटच्या कडव्यात नाव कोंबत जाऊ नका.”

आमच्या भीमगीतांत शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. जुनी रीत आहे. उदारामजींचं प्रत्येक गाणं मला आवडायचं, पण ते नाव आलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. जागा छोटी आणि नाव मोठं. बस सुटतेय म्हणून पळत सुटल्यासारखे ते ‘उदाराम’ म्हणून टाकायचे आणि पुढच्या शब्दावर त्यांना दम लागायचा. तिथे मुळात दुसरंच कुणाचं तरी लहानसं नाव असणार, असं मला कितीदा वाटून गेलं होतं. ते मी बोलून दाखवलं, तसा त्याचा चेहरा एकदम उतरला. मामांची बाजू घेऊन भांडेल असं वाटलं होतं... पण त्याने हातातली सीडी उलटसुलट करून पाहिली.

“घे,” शेवटी म्हणाला, आणि सीडी माझ्या हातात दिली. “आयकून झालं का सांगजो, याच्यातबी कोंबलं हाय का.”

“सांगणार कुठे?”

त्याने माझा नंबर विचारला आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल दिला. “बंटी,” तो म्हणाला. “ऑक्टोपॅड वाजवतो.”

लहानसं नाव! मी ते मनातल्या मनात त्या जागेवर ठेवून पाहिलं. चपखल बसलं.

केशोरीच्या उपकेंद्रात मी नर्स होते. घर दवनीवाड्याला, दोन बस बदलून जायचं, म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी. बाकी माझा संसार म्हणजे देवकाबाईंच्या घराची मागची खोली. देवकाबाई धानाच्या शेतीवाल्या, घरात देवघर, अंगणात तुळस. स्वभावाने चांगल्या. संध्याकाळी वाटीत भाजी घेऊन यायच्या, “खाऊन घे, पोरी” म्हणायच्या. माझ्या आडनावावरून त्यांना काही उलगडा झाला नव्हता आणि मी तो करून दिला नव्हता. खोली मिळायच्या आधी दोन घरांनी ‘तुमी कोण?’ विचारून दार लावून घेतलं होतं. तिसऱ्यांदा तो प्रश्न नको होता.

म्हणून मी गाणी इयरफोनवर ऐकायचे. सुया टोचून, वजनं करून, रजिस्टरं भरून परत यायचं, दार लोटायचं आणि कानांत वायरी घालून बसायचं. आमच्या गाण्यांमागे कुठलीही कंपनी नाही. गोंदियात एखाद्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं, सीड्या घरीच काढतात, रंगीत झेरॉक्सचं कव्हर लावतात आणि मोटरसायकलवर पिशवी लटकवून गावोगाव विकतात. एप्रिलच्या आधी एक, दसऱ्याच्या आधी एक. लोक सणाची वाट पाहतात, मी त्या सीड्यांची पाहायचे. माझ्या डोक्यात ढोलकी घुमत असायची आणि खोलीत मात्र चिडीचूप. बोलायला कुणी नव्हतं. कधी कधी तर भाजी छान झाली हे सांगायलासुद्धा मी देवकाबाईंची वाट बघत बसायचे.

नवी सीडी मी मोबाईलच्या दुकानात फोनमध्ये भरून घेतली आणि ऐकली. शेवटचंच गाणं सगळ्यांत सुंदर होतं –

‘अंधाराच्या दारी माझ्या तूच दिला रे हात मला,
उदाराम म्हणतो भीमराया रे, वाट तुझी ही पाठ मला.’

मी फोन लावला. “कोंबलंय,” मी म्हणाले.

 “माहीत हाय,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बंटी केशोरीच्या बसस्टँडवर हजर. म्हणे, मोबाईलच्या दुकानात सीड्या द्यायला आलो. पिशवीत एकही सीडी नव्हती.

“गाणं आणलं, ब्लूटूथनं देतो,” तो म्हणाला. “कच्चं रेकॉर्डिंग हाय. अजून कोनाकडेच नाही.”

ब्लूटूथने गाणं पाठवायचं तर जवळ उभं राहावं लागतं. त्याचा फोन चायनाचा, माझाही जुनाच. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची. आम्ही लिंबाच्या झाडाखाली दोन फोन एकमेकांना टेकवून उभे राहायचो आणि पट्टीकडे पाहिल्याचं सोंग करायचो.

“मेमरी कार्डात भरून दिलं असतं तर पटकन झालं असतं,” मी एकदा म्हटलं.

“झालं असतं ना.”

“मग?”

“पटकन कायले पाहिजे?”

मी पट्टीकडे पाहिलं. अर्ध्यावर अडकली होती. बरं वाटलं.

तो एका वेळी एकच गाणं आणायचा. थंडी आली, धान कापून झालं, लिंबाची पानं पिवळी पडू लागली, तरी गाणी काही संपली नाहीत. गाव मला सिस्टर म्हणायचं, तो म्हणत नसे.

“सगळे म्हणतात, तू काऊन म्हणत नाहीस?”

“मले बहीण हाय एक,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला. “दुसरी नको.”

कान माझे तापले होते, आणि तो मात्र ऑक्टोपॅडचा ठेका मांडीवर वाजवत उभा होता! मग बस यायची, धूळ उडायची, तो जायचा. मी खोलीवर येऊन इयरफोन लावायचे आणि नवं गाणं ऐकत, भिंतीकडे पाहत बसायचे. पूर्वी मी नुसती एकटी होते. आता त्याच्यावाचून एकटी होते, आणि हे जास्त कठीण होतं.

सगळी गाणी तोच लिहायचा, हे त्याने मार्चमध्ये कबूल केलं. मीच खोदून विचारलं म्हणून.

“मग नाव मामांचं काऊन?”

“मामानं लहानाचा मोठा केला मले. बाप गेला तवापासून मले स्टेजच्या मागं झोपवलं, ढोलकी शिकवली. आता म्हनू का, हे माहं हाय?” तो हसायचा प्रयत्न करत होता. “एकदा म्हनलं होतं. तं मामा म्हणते, बंटी हे काय कवीचं नाव होय का रे? पार्टीचं नाव उदाराम, तं गाण्यातबी उदाराम.”

“तुझ्या पोटातलं गाणं आणि दुसऱ्याचं नाव! तुला काही वाटत नाही?”

“वाटते ना.”

“मग बोल की स्टेजवर. भितोस.”

तो माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत राग पाहिला. “मी भितो? अन् तू? माही गानी कानात वायरी घालून आयकतेस. भिंतीलेबी आयकू जाऊ नये असं. इतक्या महिन्यात एकदा तरी मोठ्यानं लावलं काय? मले कायले शिकवतेस?”

पट्टी अजून सरकत होती. त्याने फोन उचलून खिशात घातला, आणि गाणं अर्ध्यातच तुटलं.

तो आला नाही. फोन नाही, मिस्ड कॉलसुद्धा नाही. मी लिंबाखालून जायचं टाळू लागले, मग मुद्दाम तिथूनच जाऊ लागले. रागावले होते खूप... पण रागावून रागावून किती रागावणार? त्याचं खरं होतं. मला त्याची इतकी आठवण यायची की ओपीडीत कुणाचा फोन वाजला तरी मी खिसा चाचपायचे.

एका संध्याकाळी खोलीत बसल्या बसल्या मी वायर उपटून टाकली. फोन खिडकीत ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि सीडीतलं ते शेवटचं गाणं लावलं.  लहानशा फोनमधून एवढा आवाज निघतो हे मला ठाऊकच नव्हतं.

देवकाबाई दारात आल्या. हातात लाखोरीच्या वाळल्या पाल्याच्या भाजीची वाटी. त्या उभ्या राहून ऐकत राहिल्या. शेवटचं कडवं झालं, तेव्हा म्हणाल्या, “हे तुमच्यातलं गानं होय काय?”

“हो,” मी म्हणाले. “आमचं आहे.”

त्यांनी मान हलवली. वाटी रोजच्यासारखी हातात दिली नाही. उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खोली सोड असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि ‘पोरी’ असंही काही म्हणाल्या नाहीत. मी भात आणि लोणचं खाल्लं, रडले, आणि गाणं पुन्हा मोठ्यानेच लावलं. नंतर उपकेंद्राच्या सरकारी मोबाईलवरून बंटीला फोन केला. तो ‘हॅलो’ म्हणाला, तसा मी तो मोबाईल खिडकीत रेडिओसारख्या गर्जणाऱ्या माझ्या फोनपाशी धरला. सरकारी फोन त्या दिवशी असा कामाला आला.

बराच वेळ तो ऐकत होता. “मोठ्यानं हाय?” त्याने हळूच विचारलं.

“सगळ्या आळीला ऐकू जातंय.”

“अन् घरमालकीण?”

“त्यांनी भाजी बंद केली.”

  “चौदा तारखेले केशोरीतच प्रोग्राम हाय आमचा,” तो म्हणाला. “येजो.”

चौदा एप्रिलला दिवस कलताच बौद्धविहारासमोर मांडव भरला. निळे झेंडे, पांढरी लुगडी, पोरांची धावपळ. देवकाबाईंचं फाटक तिथून दिसत होतं, आणि फाटकात त्या स्वतः उभ्या होत्या. मी पुढे, बायकांमध्ये जाऊन बसले. दोन पार्ट्यांचा सामना होता; समोरच्या पार्टीच्या शामकलाबाई गाऊन बसल्या होत्या, आता सालेकशाची पाळी होती. उदारामजींनी चार गाणी म्हटली आणि घसा बसला तसे चहाचा ग्लास घेऊन बाजूला सरले. “एक गानं भाचा म्हणंन,” ते माईकवर म्हणाले.

बंटी ऑक्टोपॅड सोडून पुढे आला. त्याने मला शोधलं. सापडल्यावर लगेच नजर खाली घातली.

तेच गाणं. मांडवातल्या सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. त्याने ओळ म्हणायची, मागे बसलेल्या कोरसच्या तिघांनी ती उचलायची, की ढोलकी पुढे नेणार. कोरसने ओळ उचललीच पाहिजे, नाहीतर गाणारा भर सभेत एकटा पडतो. कडव्यामागून कडवं रंगत गेलं. आणि मग शेवटचं –

‘अंधाराच्या दारी माझ्या तूच दिला रे हात मला...’

कोरसने उचललं.

‘बंटी म्हणतो भीमराया रे, वाट तुझी ही पाठ मला.’

नाव इतकं अलगद बसलं की काही जणांच्या ते लक्षातही आलं नसेल. पण कोरसच्या तिघांच्या आलं. त्यांनी उदारामजींकडे पाहिलं. उदारामजींचा ग्लास ओठांपाशीच थांबला होता. कुणी ओळ उचलेना. ढोलकी एक आवर्तन तशीच फिरून आली. बंटी माईक धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्याने पुन्हा ओळ म्हटली. पुन्हा कुणी नाही.

इतका एकटा माणूस मी कधी पाहिला नव्हता... आरशात सोडून.

भर मांडवात लग्न न झालेल्या मुलीने एका मुलाचं नाव घ्यायचं म्हणजे काय, ते मला चांगलं कळत होतं. उद्या ते केशोरीत पसरणार होतं, परवा दवनीवाड्याला आईच्या कानावर जाणार होतं. फाटकात देवकाबाई होत्या. मी उठले. मला गाण्याची सवय होती ती फक्त मनातल्या मनात.

“बंटी म्हणतो भीमराया रे,” मी गायले. आवाज चिरकला, तरी मोठा होता. “वाट तुझी ही पाठ मला!”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. ढोलकीवाला हसला आणि त्याने थाप दिली. उदारामजींनी ग्लास खाली ठेवला आणि ते मान खाली घालून मांडवाबाहेर गेले. बंटीने त्यांच्याकडे पाहिलं, त्याचे डोळे भरून आले, पण तो जागेवरून हलला नाही. मग माझ्याकडे वळून त्याने तीच ओळ तिसऱ्यांदा म्हटली आणि माईक माझ्या दिशेने पुढे केला.

या वेळी माझ्या बाजूच्या बायकांनीही उचलली. पण त्यांच्याआधी, सगळ्यांत मोठ्याने, त्याचं नाव मी घेतलं.